अकरा नंबर : छेत्रीच्या आठवणी इथे लिहा, अंधेरीला होतात त्यांनी तर नक्की

अंधेरीचा_अकरा (धागाकर्ता) | १६ मे २०२४

आज सकाळी चर्चगेट फास्टमध्ये दारात उभा होतो तेव्हा तो व्हिडिओ आला. सुनील छेत्रीने, आपल्या फुटबॉल टीमच्या अकरा नंबरच्या कॅप्टनने, स्वतःच सांगितलं, ६ जूनला कोलकात्यात कुवेतशी मॅच आहे ती देशासाठी शेवटची. बोरिवली ते दादर तीनदा बघितला. ऑफिसात बसून काम सुचत नाहीये म्हणून हा धागा काढतोय.

आकडे सगळीकडे मिळतील. मला ज्यांनी त्याला मैदानावर खेळताना बघितलंय त्यांच्याकडून ऐकायचंय. सुरुवात मी करतो.

१ जून २०१८, शुक्रवार. अंधेरीच्या स्टेडियममध्ये इंटरकॉन्टिनेंटल कपची पहिली मॅच, समोर चायनीज तैपेई, म्हणजे तैवान. मी आणि रूममेट ऑफिस सुटल्यावर आझाद नगर मेट्रोला उतरलो, गेटवर रांग नाही, गर्दी नाही, सरळ आत. भारताने पाच गोल मारले, त्यातले तीन छेत्रीचे, आणि अख्ख्या स्टेडियममध्ये माणसं किती, तर २,५६९. हा आकडा नंतर पेपरात आला आणि मी तो विसरलेलो नाही कारण त्यातला एक मी होतो. समोरच्या स्टँडमधला एकेक माणूस वेगळा मोजता येत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने व्हिडिओ टाकला. की तुम्ही युरोपातल्या क्लबांचे फॅन आहात, आमचा खेळ त्या दर्जाचा नाही हे मान्य, पण या, शिव्या द्या, टीका करा, तोंडावर करा, पण स्टेडियममध्ये येऊन करा. देशासाठी हॅट्ट्रिक मारलेला कॅप्टन दुसऱ्या दिवशी सकाळी उठून लोकांना या म्हणून विनवतोय. माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं. कोहलीने आणि सचिननेही लोकांना मॅचला जा म्हणून सांगितलं.

आणि मग ४ जून, केनिया, त्याची शंभरावी मॅच. तिकिटं संपलेली! शुक्रवारी मी ज्या रांगेत पाय पसरून बसलो होतो तिथे सोमवारी अंग चोरून बसलो. भुतिया आणि विजयन, भारताचे जुने स्ट्रायकर, दोघं त्याच्या सत्काराला मैदानात उतरले. मग पाऊस जो सुरू झाला तो असा की ग्राउंडवर पाणी साचलं, पास दिला की बॉल अर्ध्या वाटेत थांबायचा, हाफटाइमला ०-०, माझी छत्री शेजारच्या आजोबांवर धरलेली आणि ते म्हणत होते मला नको, तुझ्या मोबाइलवर धर. ६८ व्या मिनिटाला पेनल्टी, छेत्री, गोल. मग जेजेचा एक. मग अगदी शेवटी परत छेत्री. ३-०. कोणी उठून गेलं नाही. एवढ्या पावसात कोणीच उठून गेलं नाही हो.

आता तुम्ही लिहा.

गोराईचा_गोली | १६ मे २०२४

+१. मी पण त्याच मॅचला होतो, वेस्ट स्टँड. मोबाइल पाण्यात गेला तो कायमचाच. अजिबात वाईट वाटलं नाही.

कूपरेजकर | १६ मे २०२४

धागाकर्ते, चांगलं केलंत. मी आता सत्तरीला आलोय, मुलीने हे टायपिंगचं शिकवलंय त्यामुळे चुका पोटात घाला.

आमची पिढी दक्षिण मुंबईतल्या कूपरेज मैदानाची. रोव्हर्स कपला, म्हणजे फुटबॉलच्या जुन्या स्पर्धेला, लाकडी फळ्यांवर बसायचो, खाली चणे-शेंगदाण्याची सालं, बाजूला गोवेकर मंडळी, मागे बंगाली मंडळी, सगळे आपापल्या भाषेत रेफ्रीला बोलायचे. मी विजयनला तिथे बघितलंय. पंजाबच्या जेसीटी क्लबने १९९६-९७ ची पहिली नॅशनल लीग जिंकली ना, तेव्हा विजयन आणि भुतिया दोघं एकाच टीमच्या पुढच्या फळीत होते, काय जोडी होती. विजयनच्या पायात जादू होती. भुतियाच्या अंगात रग होती. पुढे मुंबईच्या महिंद्रा युनायटेड क्लबच्या वेळी कूपरेजला जेसीटी आली, तेव्हा त्यांच्याकडे हा नवा पोरगा होता, छेत्री. खरं सांगायचं तर पहिल्या अर्ध्या तासात माझ्या लक्षातसुद्धा आला नाही.

मग एक क्रॉस आला. महिंद्राचे दोन्ही स्टॉपर, म्हणजे मधले डिफेंडर, आडदांड, त्याच्यापेक्षा वीतभर उंच, आणि हा साडेपाच फुटांच्या थोडा वर, आणि हेडर त्याने जिंकला. गोल झाला नाही, बारवरून गेला. पण मी शेजारच्या मित्राला म्हटलं, परत बघ, हा बॉल यायच्या आधी उडतो. बाकीचे बॉल दिसला की उडतात. हा आधी वर जाऊन बॉलची वाट बघतो. त्या दिवसापासून आजतागायत मी त्याचा प्रत्येक हेडर त्याच नजरेने बघितलाय. माझा मित्र २०१३ साली गेला. तो असता तर आज मला पहिला फोन त्याचाच आला असता.

लेफ्टबॅक_परळ | १६ मे २०२४

काका नमस्कार. तुमचं "बॉल यायच्या आधी उडतो" हे मी उद्या माझ्या पोरांना सांगणार. मी शाळेच्या टीमला कोचिंग करतो, चौदा वर्षांखालची मुलं.

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. सगळे छेत्रीचे गोल दाखवतात, मी मुलांना त्याचं गोलच्या आधीचं दाखवतो. बॉल विंगवर असताना तो डिफेंडरच्या पाठीमागे जाऊन उभा राहतो, म्हणजे डिफेंडरला एक तर बॉल दिसतो नाहीतर छेत्री, दोन्ही एकदम दिसत नाहीत, आणि मग क्रॉस मारणाऱ्याने मान खाली घातली की हा दोन पावलं लांब जायची हूल देतो आणि नीअर पोस्टला घुसतो. वेग काही फार नाही त्याचा, उंची नाही, पण ती दोन पावलं आहेत ना त्यात सगळं आहे. वयाच्या पस्तिशीनंतरही ती कमी झाली नाहीत कारण ती पायातली नव्हतीच.

आणि १३ जून २०१७, बेंगळुरू, किर्गिझस्तान, हा गोल ज्यांनी बघितला नसेल त्यांनी आज रात्री बघा. मधल्या वर्तुळाच्या आसपास बॉल घेतला, माणसं मागे टाकली, जेजेला दिला, जेजेने वरून उचलून परत दिला आणि याने तो खाली पडू न देता मारला. १-०. २०१९ च्या एशियन कपची वाट त्या मॅचने मोकळी झाली. मी परळच्या एका छोट्या हॉटेलात बघत होतो, टीव्हीवर आधी दुसरंच काहीतरी लागलं होतं, मालकाला विनंती करून चॅनेल बदललं होतं. गोल झाल्यावर मालक म्हणाला, हा आपला आहे?

हो, आपला आहे.

आकडेमोड | १७ मे २०२४

सगळ्यांच्या भावनांचा आदर आहे, पण एक गोष्ट लिहितो, रागावू नका. आत्तापर्यंत १५० मॅचेस, ९४ गोल. रोनाल्डो, अली दाई, मेस्सी आणि मग हा, अशी यादी फिरते. पण त्यातले बरेच गोल नेपाळ, मालदीव, बांगलादेश, श्रीलंका यांच्याविरुद्ध आहेत. मेस्सीशी तुलना करून आपणच त्याला अडचणीत आणतो असं मला वाटतं. मला तो आवडतो, तुलना आवडत नाही.

लेफ्टबॅक_परळ | १७ मे २०२४

तुलना नको यावर पूर्ण सहमत. त्याने स्वतः कधी केली नाही, उलट विचारलं की मी मेस्सीचा फॅन आहे एवढंच म्हणतो.

पण "लहान टीम" वर थोडं बोलू दे. २०११ एशियन कपला दोह्यात बहरीनविरुद्ध गोल, दक्षिण कोरियाविरुद्ध गोल. २०१९ ला अबुधाबीत थायलंडला ४-१ हरवलं त्यात दोन. त्याच वर्षी गुवाहाटीला ओमानविरुद्ध फ्री किकवर, ब्रँडनने जमिनीवरून बॉल सरकवला आणि हा भिंतीच्या बाजूने निसटून आला, तो मुव्ह तर मी मुलांकडून रोज करून घ्यायचो. मॅच हरलो २-१, पण गोल बघा.

आणि नेपाळ, मालदीव म्हणतोस, तर आपण कोणाशी खेळणार ते छेत्री ठरवत नव्हता. समोर जी टीम उभी केली तिला त्याने गोल मारले, एकोणीस वर्षं. २००५ ला क्वेट्ट्यात पाकिस्तानविरुद्ध पहिल्याच मॅचला मारला आणि २०२३ ला बेंगळुरूत पाकिस्तानविरुद्धच हॅट्ट्रिक.

आकडेमोड | १७ मे २०२४

दादा, हे पटलं. शिवाय त्याला इंग्लंडात क्यूपीआर या लंडनच्या क्लबने घेतलं होतं, पण वर्क परमिट मिळालं नाही कारण भारताचं फिफा रँकिंग पहिल्या ७० मध्ये नव्हतं. म्हणजे देश मागे आहे म्हणून माणूस अडला. हे मला फार लागलं होतं तेव्हा. मग अमेरिकेत कॅन्सस सिटी झालं, पोर्तुगालला स्पोर्टिंगच्या बी टीमकडे झालं, पण वय आणि वेळ निघून गेली. त्या वेळी तिकडे नियमित खेळायला मिळालं असतं तर, असं सारखं मनात येतं.

खाडीपलीकडची | १८ मे २०२४

मी नेरुळची. इथे कोणीच अजून २०१५ बद्दल लिहिलं नाही म्हणून लिहितेय, तो आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, आपल्या मुंबई सिटी क्लबकडून खेळलाय हो! दोनच सीझन, पण आपल्याकडून. २०१५ ला लिलावात एक कोटी वीस लाखांना घेतला होता आणि त्या वेळी आपलं होम ग्राउंड डी. वाय. पाटील होतं, माझ्या घरापासून चालत वीस मिनिटं.

माझे बाबा क्रिकेटवाले. वानखेडेवर रणजी बघायला डबा घेऊन जाणारे. आयुष्यात फुटबॉलची मॅच बघितली नव्हती. आईला जाऊन सात-आठ महिने झाले होते, बाबा संध्याकाळी गॅलरीत बसून असायचे, टीव्हीसुद्धा लावायचे नाहीत. मी म्हटलं चला बाबा, शतपावली होईल. नॉर्थईस्टविरुद्धची मॅच. ऑक्टोबर महिना, उकाडा. बाबा मला विचारत बसले, ऑफसाइड म्हणजे काय गं, मी सांगितलं, परत विचारलं, मी परत सांगितलं. तोवर छेत्रीने एक मारला. मग दुसरा. तिसरा मारला तेव्हा बाबा खुर्चीवरून उठून उभे होते आणि त्यांनी शेजारच्या अनोळखी मुलाचा खांदा घट्ट धरला होता. आयएसएलमधली कुठल्याही भारतीयाची ती पहिली हॅट्ट्रिक. ५-१ जिंकलो.

येताना रस्त्यात थांबून ऊस रस घेतला, बाबांनी बर्फ न घालता, आणि त्या ग्लासाच्या काठाकडे बघत ते म्हणाले, हा मुलगा धावत नसताना पण खेळत असतो गं. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं तरी त्यांना ते दिसलं. त्यानंतर त्या सीझनच्या घरच्या मॅचेसना आम्ही दोघं गेलो. बाबा आता आहेत, तब्येत बरी आहे, ६ जूनला एकत्र बघणार आहोत.

कूपरेजकर | १८ मे २०२४

ताई, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. मुंबईला आले की कूपरेजला येऊ द्या, मी असतो.

आयलँडर_मालाड | १९ मे २०२४

मी मुंबई सिटीचा पक्का, घरची एकही मॅच चुकवत नाही, त्यामुळे माझी आठवण जरा दुखरी आहे.

७ मार्च २०२३, अंधेरी, आयएसएल सेमीफायनलची पहिली लेग, म्हणजे दोनपैकी पहिली मॅच. त्या सीझनला आपण लीगमध्ये पहिले येऊन शील्ड जिंकलेलो, सलग अठरा मॅचेस हरलो नव्हतो, छेत्रीचा बेंगळुरू क्लब समोर. छेत्री बेंचवर. आमच्या स्टँडमध्ये सगळे खूश की अडतीस वर्षांचा झालाय, आता बेंचवरच बरा. सेकंड हाफला तो उतरला. ७८ व्या मिनिटाला रोशनचा कॉर्नर, आणि आमच्या एवढ्या उंच डिफेंडर्सच्या मधून अकरा नंबर वर आला आणि हेडर आत. माझ्यापासून पंचवीस-तीस फुटांवर. कूपरेजकर काकांनी वर जे लिहिलंय तेच, अगदी तेच, तो आधीच वर होता. ०-१. पुढे बेंगळुरूला आपण २-१ जिंकून, एकूण २-२ होऊन पण पेनल्टीजवर ८-९ ने गेलो.

त्या रात्री मेट्रोत कोणी बोलत नव्हतं. आणि आझाद नगरच्या जिन्यावर एक आमच्याच स्कार्फवाला मुलगा म्हणाला, त्याने मारला ते एक बरं झालं, दुसऱ्या कोणी मारला असता तर जास्त लागलं असतं. मी आजवर कुठल्याच विरोधी प्लेअरबद्दल असं ऐकलेलं नाही.

गोराईचा_गोली | १९ मे २०२४

हे वाचून काटा आला.

गोलकीपरच्या नजरेतून एक सांगतो. ७ जून २०१८, न्यूझीलंडची मॅच, आपण २-१ हरलो म्हणून कोणी तिची आठवण काढत नाही. सेकंड हाफ सुरू होऊन दोन मिनिटं झालेली. बॉल त्यांच्या गोलीकडे, साधा क्लिअर करायचा बॉल, शंभरातले नव्व्याण्णव स्ट्रायकर तिथे धावत नाहीत, उगाच दम कशाला घालवा. छेत्री धावला. गोलीने मारलेला बॉल त्याच्यावर आदळून आत. मी क्लबला गोलीच खेळायचो, त्या गोलीचं मला वाईट वाटलं, पण तो धावला कारण तो प्रत्येक वेळी धावायचा. स्वतःची १०१ वी मॅच, तीन दिवसांपूर्वी पाणी तुडवत खेळलेला.

फायनलला परत केनिया, २-०, दोन्ही त्याचेच, आणि दुसरा तर अनसचा मागून आलेला लांब बॉल छातीवर घेऊन डाव्या पायाने. चार मॅचेसमध्ये आठ गोल. मेस्सीच्या देशासाठीच्या त्या वेळच्या ६४ गोलांची बरोबरी त्याने आपल्या अंधेरीत केली.

अंधेरीचा_अकरा | ६ जून २०२४, रात्री

०-०.

गोल नाही झाला. सॉल्ट लेक भरलेलं. टीमने दोन्ही बाजूंना उभं राहून वाट करून दिली आणि तो रडत गेला मधून. लिहायला आत्ता काही सुचत नाही. १५१ मॅचेस, ९४ गोल.

खाडीपलीकडची | ६ जून २०२४

बाबा उठून टीव्हीसमोर उभे राहिले होते शेवटी. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

लेफ्टबॅक_परळ | ७ जून २०२४

काल माझी पंधरा मुलं क्लबरूममध्ये मॅचला होती. एकाने विचारलं सर, आता नऊ नंबरला, सेंटर फॉरवर्डला कोण? मी उत्तर दिलं नाही. आयएसएलमध्ये बहुतेक क्लबांचा सेंटर फॉरवर्ड परदेशी असतो, आपली मुलं विंगवर नाहीतर मागे. गोल मारायची जागा ज्याला वर्षभर क्लबला मिळत नाही तो देशासाठी तिथे उभा कसा राहणार? छेत्री स्वतः कितीदा बेंगळुरूला विंगवरून खेळलाय. हे मी दहा वर्षं बोलतोय, बोलत राहीन.

आयलँडर_मालाड | २० मार्च २०२५

धागा वर काढतोय. काल शिलाँगला मालदीवविरुद्ध ३-०, आणि तिसरा कोणाचा ते सगळ्यांना माहितीये. चाळिसाव्या वर्षी रिटायरमेंट मागे घेऊन आला आणि लिस्टनच्या क्रॉसवर हेडर. पहिला गोल आपल्या मुंबईच्या राहुल भेकेचा, ते पण लिहून ठेवा.

आकडेमोड | २० मार्च २०२५

मला मिश्र वाटतंय. आनंद झाला, हेडर बघून उडी मारली, पण नऊ महिने झाले आणि आपल्याला दुसरा माणूस सापडला नाही, कोचला परत त्यालाच फोन करावा लागला. लेफ्टबॅक दादांचं म्हणणं खरं ठरलं. त्याने परत यायला नको होतं असं मी म्हणत नाही. त्याला बोलवायची वेळ यायला नको होती.

लेफ्टबॅक_परळ | २० मार्च २०२५

हो. पण या सीझनला लीगमध्ये भारतीयांत सगळ्यात जास्त गोल त्याचेच आहेत. मग कोणाला बोलवणार होते.

कूपरेजकर | २० मार्च २०२५

डोळ्याचं ऑपरेशन झालंय, मुलीने वाचून दाखवलं आणि तीच टाइप करतेय. हेडर मला तिने तीन वेळा लावून दाखवला. पट्टी एका डोळ्यावर आहे, दुसऱ्याने बघितला. आधीच वर होता.

अंधेरीचा_अकरा | २१ मार्च २०२५

काका, लवकर बरे व्हा.

माझी भाची नऊ वर्षांची आहे, गेल्या जूनपासून बॉल घेऊन फिरते. आमच्या बिल्डिंगच्या मागे पाण्याच्या टाकीची भिंत आहे तिथे परवा रात्री मॅचनंतर मला घेऊन गेली, मामा टाक म्हणाली. मी हाताने उंच टाकत होतो आणि ती उशिरा उडत होती, बॉल कपाळाऐवजी डोक्यावर बसत होता, दोनदा नाकावर बसला, रडली नाही. मग मी तिला काकांचं वाक्य सांगितलं, बॉल यायच्या आधी उड. तिला काही कळलं नाही. म्हणाली, आधी उडून मग वर काय करू?

थांब वर, म्हटलं.

सात-आठ वेळा झालं नाही. वॉचमनने लाइट बंद करायची वेळ झाली म्हणून सांगितलं, तिने अजून एकच म्हणून बोट दाखवलं, मी टाकला, आणि ती आधी उडाली.